भंडारदरा-माळशेज लूप: घाट मख्खन, माणकोली नाही

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना पुढे वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. डिसेंबरात घाटमाथ्यावर बाइक चालवण्यासारखं सुख नाही. पण ठाण्यातून बाहेर पडणं ही शिक्षा आहे, आणि ती किती लांबणार हे महिना ठरवत नाही, घड्याळ ठरवतं.

आमच्या कट्ट्यावरचा वाद जुना आहे: बाइकला हवा आणि रस्ता दोन्ही धार्जिणे कुठे? खारघरचा मित्र म्हणतो, जानेवारीत पेण-अलिबागकडून खाली कोकण किनारा. दुसरा म्हणतो, पावसात माळशेज, बाकी सब झूट. तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "डिसेंबरात कसाऱ्याने चढा, भंडारदऱ्याला मुक्काम करा, अकोले-ओतूरवरून माळशेज उतरा. मख्खन रस्ता आहे." हे गृहस्थ तिथे कारच्या मागच्या सीटवर बसून गेले होते, हे मला परतल्यावर कळलं.

निघायचं ठरलं होतं पहाटे चारला. एकाचा गजर वाजला नाही, दुसऱ्याला पेट्रोल भरायचं होतं, माजिवड्याहून हललो तेव्हा सहाला दहा कमी होते. इथेच सगळं बिघडलं. साकेत पूल ओलांडला, खारेगावच्या पुढे गेलो आणि समोर कंटेनरची भिंत. माजिवडा ते वडपे हा नाशिक महामार्गाचा जेमतेम 24 किलोमीटरचा पट्टा, माणकोली यातच. आठपदरी करण्याचं काम, भिवंडीच्या गोदामांकडे वळणारी अवजड वाहनं, वर डायव्हर्जन. आम्हाला पावणेदोन तास लागले. पुढे वडप्यापासून कसारा घाट चढून घोटीपर्यंतचं अंतर याच्या तिपटीहून जास्त आहे, तरी त्याला जवळपास तेवढाच वेळ लागला.

खड्डे दिसतात, ते चुकवता येतात. खरी भीती पायरीची आहे. नवं काँक्रीट आणि जुनं डांबर यांच्या मधे चार बोटांचा उंचवटा असतो, आणि तो तुमच्या चाकाला समांतर धावतो. लेन बदलायला तिरकं गेलात की पुढचं चाक त्या कडेला घासत राहतं, चढत नाही, आणि बाइक अंगाखालून निघून जाते. आमच्यातला एक तसा आडवा होता होता वाचला, मागे कंटेनर होता. त्यामुळे पायरी चढायचीच असेल तर वेग कमी करा, बाइक जमेल तितकी काटकोनात आणा आणि थोडा थ्रॉटल देऊन एकदम चढा. नाही जमत तर आहे त्याच लेनमध्ये रडतखडत चला. रांजनोलीपर्यंत क्लचचा हात बधिर झाला होता. एअर-कूल्ड इंजिनला वाहती हवा लागते, आणि इथे हवेऐवजी सिमेंटची धूळ मिळते. हे सगळं डिसेंबरच्या थंडीत. हाच पट्टा ऑक्टोबरच्या उन्हात करणाऱ्याला माझा दंडवत.

वडप्यानंतर रस्ता मोकळा. मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून ठेवा. नाहीतर आमण्याजवळ तो समृद्धीवर चढवायला बघतो, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. (एक्सप्रेसवेवर बंदी, अटल सेतूवर बंदी, समृद्धीवर बंदी. रोड टॅक्स मात्र न चुकता.) पडघ्याच्या टोलनाक्यावर बाइकला पैसे नाहीत, डाव्या कडेने निघा, तिथल्या वाळूवर ब्रेक दाबू नका.

शहापूर सोडलं आणि माझं मागचं चाक पोहायला लागलं. हवा बसत होती. माणकोलीच्या कामावरची, सळया बांधायची बाइंडिंग वायर टायरमध्ये घुसलेली, हळूहळू गळती. पुढे एक पंक्चरवाला दिसला. "साहेब, पाच मिनिटं, तोवर चहा घ्या." आम्ही गारठलेलो, घेतला चहा. परत आलो तर टायरमध्ये चार स्ट्रिपा (भोक बुजवायच्या रबरी पट्ट्या).

"तार तर एकच होती ना, दादा?"

"साहेब, होल चार होते. पाण्यात बुडबुडे आले ना."

150 च्या हिशेबाने 600 रुपये. तीन भोकं एका रांगेत, सारख्या मापाची, टोच्याने पाडावीत तशी. मी हे सिद्ध करू शकत नाही. पण इतकी वर्षं बाइक चालवतोय, एका तारेने चार भोकं पाडलेली पहिल्यांदाच पाहिली. भांडलो, अर्धा तास गेला, 500 देऊन निघालो.

ट्यूबलेस टायर असेल तर चहा प्यायला जाऊच नका. चाकाशेजारी उकिडवे बसा. साबणाचं पाणी स्वतः ओता, बुडबुडे कुठे येतात ते पाहा, त्या जागी खडूने खूण करा, भाव आधी ठरवा आणि मगच टोच्या हातात घेऊ द्या. त्याहून बरं म्हणजे स्ट्रिप किट आणि छोटा पंप जवळ ठेवा, घरी एकदा जुन्या टायरवर हात बसवून घ्या. टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला भोक असेल तर स्ट्रिप घालून पुढे जायचं धाडस करू नका, गाडी टेम्पोत टाका.

कसारा घाटात चढ-उताराचे रस्ते वेगळे आहेत, चढ निवांत जातो. मात्र वर पोचल्यावर जॅकेटची परीक्षा होते. ठाण्यात जाळीचं मेश जॅकेट पुरतं म्हणून आतलं अस्तर घरी ठेवलं होतं. इगतपुरी सुमारे 600 मीटर उंचीवर, त्यात ऐंशीच्या वेगाचा वारा. घोटीला हेल्मेटचा पट्टा सोडायला बोटं वळेनात. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरची हवाही दोनेक पीएसआय कमी दाखवते. घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी एकदा तपासा.

घोटीहून बारीमार्गे शेंडी. वाटेत कळसूबाई, पुढे धरण, रात्री पिठलं-भाकरी. छान झालं सगळं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी राजूर, विठा घाट, अकोले, कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर. हवा कोरडी, ऊन कोवळं, घाम शून्य. बाइकसाठी हवा कुठली, तर ही. रस्ता तुकड्यातुकड्याने चांगला. वळणावर खडी पसरलेली असते, म्हणून झुकायचा मोह आवरा. आणि गाळपाचा हंगाम चालू असतो, म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाखाली झाकलेला. दिवसा फक्त कंटाळा येतो, अंधारात जिवावर बेतेल. त्यात ओतूर-जुन्नरचा पट्टा बिबट्यांचा. सूर्यास्तानंतर या भागात बाइक नकोच, मग कितीही एलईडी लावलेले असोत.

माळशेज दुपारी दीडच्या आत उतरा. आम्ही चारला उतरलो, आणि टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत मावळता सूर्य थेट व्हायझरमध्ये. समोरून ओव्हरटेक करत येणारा जीपवाला दिसेना. टिंटेड व्हायझर लावला तर सहानंतर काळोख, साधा ठेवला तर आंधळेपण. पावसाळ्यातल्या माळशेजचं कौतुक करणाऱ्या मित्राला एकच सांगतो: दरडी, धुकं आणि धबधब्याखाली रस्त्यात नाचणारी गर्दी यांत बाइक चालवायची हौस असेल तर ऑगस्टअखेरचा मंगळवार-बुधवार पकड, आणि निघण्याआधी पर्यटकांवर बंदीचा आदेश लागलाय का ते बघ. जूनचा पहिला पाऊस तर सोडूनच दे, उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ एकत्र येऊन रस्त्याचा साबण होतो.

रविवारी संध्याकाळी मुरबाडहून नवी मुंबईकरांनी बारवी धरणावरून बदलापूर, काटई, शिळफाटा धरावं. ठाणेकरांना सुटका नाही: म्हारळ, शहाड, दुर्गाडी, कोन आणि पुन्हा माणकोली. शहाडला अर्धा तास, माणकोलीला पाऊण. घरी पोचलो तेव्हा मीटरवर पावणेचारशे किलोमीटर झाले होते, आणि अंग दुखत होतं ते त्यातल्या पन्नासांमुळे.

पुढच्या महिन्यात परत जातोय. माजिवड्याला पहाटे साडेतीनला उभा असेन आणि पावणेचारला निघेन. ज्याचा गजर वाजणार नाही त्याने थेट घोटीला भेटावं.