साथीची तयारी केसपेपरच्या खिडकीपासून

केरळात निपाह या वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या विषाणूची बातमी आली की दोडामार्ग-सावंतवाडीपासून चिपळूण-खेडपर्यंत लोक एकच प्रश्न विचारू लागतात: आपल्या जिल्ह्यात व्हेंटिलेटर किती? भीतीला आधार आहे. कोकण रेल्वेने माणसं केरळातून थेट आपल्या स्टेशनांवर उतरतात. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडली आहेत. पण व्हेंटिलेटरचा प्रश्न फार पुढचा. असा रुग्ण येईल तो ताप, डोकेदुखी आणि खोकला घेऊन, ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेत, लेप्टो आणि डेंग्यूच्या रुग्णांच्या मधोमध उभा राहील. त्याच्यापासून आणखी किती जणांना लागण होणार, हे त्या पहिल्या तासाभरात बरंचसं ठरून जातं.

हे अनुभवाने सिद्ध झालेलं आहे. पश्चिम बंगालमधल्या सिलीगुडीत २००१ साली निपाहचे ६६ रुग्ण सापडले आणि ४५ दगावले. त्यातल्या बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयात: कर्मचारी, नातेवाईक, शेजारच्या खाटेवरचे रुग्ण. केरळातल्या कोझिकोडमध्ये मे २०१८ ला तेच घडलं. पहिला रुग्ण आधी पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात होता, नंतर वैद्यकीय महाविद्यालयात. तिथे सीटी स्कॅनसाठी थांबायच्या मार्गिकेत त्याच्या आसपास असलेल्यांपैकी अनेकांना आजार झाला. पेरांब्रात त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुदुसेरी २१ मे रोजी गेल्या. त्या शुश्रूषा करत होत्या तेव्हा हा निपाह आहे हे कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. म्हणून निदान होईपर्यंत थांबून चालत नाही. ताप आणि खोकला असलेला प्रत्येक माणूस रांगेतून वेगळा काढायची सवय वर्षभर हवी.

ही सवय म्हणजे नेमकं काय? केसपेपरच्या खिडकीबाहेर एक सिस्टर किंवा ब्रदर, एक टेबल, सर्जिकल मास्कचा खोका, हात धुण्याचं सॅनिटायझर, थर्मामीटर आणि प्रश्न लिहिलेला कागद. ताप आहे का? खोकला किंवा दम? बोलणं असंबद्ध झालंय, झटके आलेत? गेल्या तीन आठवड्यांत कुठे प्रवास, कुठल्या रुग्णालयात कुणाची सोबत? घरात आणखी कुणी असंच आजारी? ‘तुम्ही केरळचे का’ हा प्रश्न नव्हे. त्याने माणूस दुखावतो, आणि पुढच्या वेळी प्रवास लपवतो. तापाबरोबर दम किंवा भ्रम असेल आणि प्रवासाचं किंवा संपर्काचं उत्तर ‘हो’ असेल, तर रुग्णाला मास्क लावून त्याच क्षणी बाजूच्या खोलीत न्यायचं. केसपेपर नंतर नातेवाइकाने काढावा. एक्स-रेला त्याला चालवत न्यायचं नाही, फिरतं यंत्र असेल तर ते खोलीत आणायचं. उघड्या वॉर्डात नेब्युलायझर लावायचा नाही. त्याच्या वाफेबरोबर तुषार खोलीभर पसरतात, आणि खोकणारा, दम लागलेला निपाहचा रुग्णच सर्वांत जास्त लागण करतो.

बाजूच्या खोलीबद्दल थोडं सविस्तर. ऋण दाबाची, म्हणजे आतली हवा दारातून बाहेर येऊ न देणारी, महागडी खोली तालुक्याला मिळणार नाही, पण हवा कुठून येते आणि कुठे जाते एवढं तरी आपल्या हातात आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर पंख्याने मिनिटाला २४० घनफूट हवा बाहेर फेकली पाहिजे. बारा इंची एक्झॉस्ट पंखा लेबलवर याहून बरंच जास्त सांगतो, तरी जाळी, धूळ आणि झडप यांनी आकडा खाली येतो, म्हणून मोठाच घ्यावा. तो दारासमोरच्या बाहेरच्या भिंतीत बसवायचा, आणि त्याच्या तोंडाशी व्हरांडा, रांग किंवा दुसऱ्या वॉर्डाची खिडकी असता कामा नये. तपासायला अगरबत्ती पुरते: दार बंद करून दाराखालच्या फटीशी धरा. धूर खोलीत ओढला गेला तर ठीक, बाहेर आला तर व्यवस्था उलटी झालीय. स्प्लिट एसी बंद ठेवा, तो तीच हवा फिरवत राहतो. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ ही सूचना आपल्याकडे जुलैत फसते. झड आली की मावशी खिडक्या लावून घेतात आणि त्यात त्यांची चूक नसते. खिडकीवर रुंद छज्जा आणि न गंजणारी जाळी आधी करून घेतलेली असली तरच ती उघडी राहते. खाऱ्या हवेने पंख्याची बेअरिंग धरतात, म्हणून दर महिन्याला अगरबत्ती लावून बघावीच.

जंतुनाशकाचं गणित सर्वांत जास्त चुकतं, खरं तर ते सर्वांत स्वस्त काम आहे. आपल्याकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीपासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे असते. ताज्या, बंद पोत्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. त्यातून १ टक्का द्रावण करायला १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीत ३०० ग्रॅम पावडर लागते. पण कोकणातल्या दमट हवेत उघडं पोतं महिनाभर राहिलं की पावडर ओली होऊन गठ्ठे धरते आणि क्लोरीन उडून जातो. २० टक्केच उरला असेल तर त्याच बादलीला ५०० ग्रॅम लागतील. हिशेब सोपा: हवी असलेली टक्केवारी भागिले पावडरची टक्केवारी, गुणिले १,०००, म्हणजे लिटरमागे ग्रॅम. वासावरून ताकद ओळखता येत नाही, पोत्यातला नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. बादली प्लास्टिकची. आधी थोड्या पाण्यात पावडर कालवायची, मग पाणी पूर्ण भरायचं, अर्धा तास निवळू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी वापरायचं. बादलीवर तारीख आणि वेळ लिहायची, दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भागाला चार भाग पाणी. फिनेल किंवा अ‍ॅसिडबरोबर मिसळलं तर विषारी वायू निघतो.

उलटी किंवा रक्त सांडलं तर थेट द्रावण ओतू नये, शिंतोडे उडतात. हातमोजे, मास्क, चष्मा घालून आधी जुनं कापड किंवा वर्तमानपत्र टाकून झाकायचं, कडेकडून आत असं द्रावण ओतायचं, किमान दहा मिनिटं थांबायचं, मग सगळं संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरून जागा पुन्हा पुसायची. लघवी जास्त सांडली असेल तर आधी टिपून घ्यायची, कारण क्लोरीनशी मिळून तिचा घुसमटवणारा वायू होतो. आणि माणसांवर क्लोरीन फवारू नये. २०२० मध्ये गावांच्या वेशीवर चाकरमान्यांवर फवारे मारले गेले. त्याने शरीरातला विषाणू मरत नाही, डोळे आणि फुप्फुसं मात्र पोळतात.

पीपीई किटमध्ये धोका घालताना नसतो, काढताना असतो. क्रम असा: हातमोजे, हात स्वच्छ, चष्मा, हात स्वच्छ, गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, पुन्हा हात, आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटी एन-९५, पुढच्या भागाला न शिवता मागच्या पट्ट्यांनी. समोर दुसरा माणूस कागद हातात धरून एकेक पायरी मोठ्याने वाचतो, हा नियम मला अख्ख्या किटपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मे महिन्याच्या उकाड्यात दोन तासांनी चष्म्यावर वाफ धरते, घाम डोळ्यांत जातो आणि हात आपोआप चेहऱ्याकडे वळतो. पाळी त्याच बेताने लावावी. एका रुग्णाला तीन पाळ्या, प्रत्येकी दोन सिस्टर, प्रत्येकीच्या दोन फेऱ्या म्हणजे १२ किट. डॉक्टरांची तीन, सफाईची तीन, फाटणारी दोन धरून दिवसाला २०. कपाटात ५० किट आहेत म्हणून निश्चिंत राहिलेल्या रुग्णालयाची तयारी अडीच दिवसांची असते.

ऑक्सिजनचा हिशेबही असाच मांडून ठेवावा. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तास, ६० लिटरच्या हाय फ्लोवर दोन तासांहून कमी. रुग्णवाहिकेतल्या लहान बी सिलिंडरचे १,५०० लिटर १० लिटरने अडीच तास पुरतात. पावसाळ्यात आंबा घाट किंवा आंबोलीत दरड आली की हे अडीच तास रस्त्यातच संपतात, म्हणून दोन सिलिंडर, आणि निघण्यापूर्वी कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाला फोन करून खाट नक्की. जनरेटर नुसता सुरू करून बघणं ही चाचणी नव्हे. फ्रीज, काँसंट्रेटर, पंखे सगळं लावून अर्धा तास चालवावा आणि डिझेल किती तासांचं आहे ते भिंतीवर लिहावं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये, चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ ला: तिन्ही कोरोनाच्या साथीतच आले आणि तिन्ही वेळा वीज गेली. जनरेटर तळमजल्यावर, पुराच्या पातळीखाली असेल तर तो आधी वर चढवा.

नमुन्यांबाबत थोडक्यात: घशाचा स्वॅब, रक्त, लघवी, गरज असेल तर पाठीतलं पाणी. तिहेरी वेष्टन, २ ते ८ अंश, सुटा बर्फ नको, आइसपॅक. अर्ज वेगळ्या प्लास्टिकमध्ये, नाहीतर पुण्याला पोचेपर्यंत शाई फुटते. आधी जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना फोन, मगच नमुना. गावातल्या खासगी लॅबला ‘जरा बघा’ म्हणून पाठवू नये.

आता लोकांची भीती. सिंधुदुर्गाला ती नवी नाही. माकडतापाने २०१६ पासून दोडामार्ग, बांदा परिसरात काजूच्या बागेत जायची धास्ती बसवली. तो आजार गोचीड चावून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही, आणि १०० रुग्णांत तीन ते पाच दगावतात. निपाहमध्ये हे प्रमाण ४० ते ७५. लेप्टोही माणसापासून होत नाही. म्हणून माकडतापाच्या रुग्णाला पूर्ण पीपीईत उचलून नेलं तर वाडी त्या घराला वाळीत टाकते, तेही विनाकारण. तिथे कामाचं आहे ते गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल, पूर्ण बाह्या, पातेऱ्यात न बसणं, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि मेलेल्या माकडाला हात न लावता लगेच कळवणं. निपाहच्या वेळी उलट घडतं: माणसं घरच्या रुग्णाला कवटाळून बसतात आणि चिंचेवरची वटवाघळं मारायला निघतात. फटाके लावून ती पांगवली तर विषाणू घेऊन आणखी दूर जातात, म्हणून त्यांना हात लावू नये. अर्धवट खाल्लेलं फळ मात्र टाकून द्यावं, आणि माडाला लावलेलं मडकं झाकून ठेवावं. बांगलादेशात वटवाघळांकडून माणसाला होणारी लागण बहुतेक खजुरीच्या कच्च्या रसातून झाली आहे.

नातेवाइकांना रुग्णालयाचं भय वाटतं ते बहुधा एकाच कारणाने: आत नेलेलं माणूस पुन्हा दिसत नाही. खोलीच्या खिडकीला काच लावा. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहाला डॉक्टरांचा फोन ठरवून टाका, सांगण्यासारखं काही नसलं तरी करा. मृत्यू झालाच तर बंद पिशवीतल्या चेहऱ्याचं दर्शन लांबून घडवता येतं. अंघोळ घालणं आणि कवटाळणं टाळायचं, हे घरातल्या जाणत्या माणसाला आधी बसवून सांगावं. कोझिकोडला अंत्यसंस्कारासाठी स्मशानातले कामगार पुढे येत नव्हते, म्हणून ग्रामपंचायतीशी बोलणं साथ येण्यापूर्वीच व्हायला हवं.

संपर्कातल्या माणसाला २१ दिवस घरात ठेवायचं तर सरपंचांना लेखी हवं: आशाताई दिवसातून दोनदा ताप कुणाचा बघणार, रेशन आणि गॅस कोण पोचवणार, गुरांना वैरण कोण घालणार, बुडालेल्या मजुरीचं काय, आणि रात्री दोनला ताप चढला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. मजुरीची ओळ रिकामी राहिली तर तो माणूस चौथ्या दिवशी कामावर जातो.