ड्राय आइसमधले नमुने विमानाने पाठवताना

आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतून रुग्णांच्या सिरमचे चोवीस नमुने गोठलेल्या स्थितीत दिल्लीला पाठवायचे होते. धोकादायक मालाला दिल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या (यूएन) क्रमांकांनुसार हे नमुने म्हणजे 'यूएन ३३७३', अर्थात 'बी' वर्गातील जैविक पदार्थ, आणि सोबतचा पाच किलो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला घन कार्बन डायऑक्साइड, हा 'यूएन १८४५'. एकाच खोक्यातल्या या दोन वस्तूंचे नियम परस्परविरुद्ध दिशेने जातात, हे मला पहिल्या खेपेला उमगले नव्हते.

नमुन्यांना तिहेरी वेष्टन लागते. नळीतून गळती होता कामा नये. सर्व नळ्या फुटल्या तरी सगळा द्रव शोषला जाईल इतका कापूस किंवा शोषक कागद भोवती हवा. त्यावरचा डबाही गळतीरोधक हवा, आणि नळी किंवा डबा यांपैकी एकाने ९५ किलोपास्कल दाबफरक सोसला पाहिजे. एवढ्या काळजीने बंदिस्त केल्यावर मी थर्माकोलचे बाहेरचे खोकेही चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद केले. मालस्वीकृती काउंटरवर ते तपासणीतच परत आले, आणि ते योग्यच होते. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो; त्याला वाट मिळाली नाही तर खोके फुटू शकते. शिवाय मी खोक्यावर ड्राय आइसचे निव्वळ वजन लिहिले नव्हते. विमानाच्या मालकक्षात कार्बन डायऑक्साइड साचू शकत असल्याने किती किलो चढवला याची लेखी सूचना वैमानिकाला दिली जाते. तो आकडा माझ्याकडूनच जायला हवा होता.

शिपरचे घोषणापत्र, म्हणजे धोकादायक मालाबद्दल पाठवणाऱ्याने द्यायचे निवेदन, मी रात्रभर जागून भरले होते, पण या दोन वस्तूंपुरते ते लागतच नाही. तपशील एअर वे बिलावर, म्हणजे विमानमालासोबतच्या वाहतूकपत्रावर, पुरतो.

दुसऱ्या खेपेला ड्राय आइस मधल्या डब्याच्या बाहेर ठेवला आणि झाकणाच्या फटी मोकळ्या सोडल्या. बर्फ उडून गेल्यावर डबा खोक्यात सैल पडू नये, म्हणून त्याला पुठ्ठ्याचे आधारही दिले. हा नियम मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण तो माल निघतानाच्या नव्हे, तर पोहोचतानाच्या स्थितीचा विचार करतो. निव्वळ वजन, नवव्या वर्गाचे (इतर धोकादायक माल) लेबल, प्रत्येक बाजू किमान ५० मिलिमीटर असलेली 'यूएन ३३७३'ची चौकट आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक, हे सारे पडताळून अधिकाऱ्यांनी खोके स्वीकारले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रयोगशाळेने कळवले, की नळ्या गोठलेल्याच आहेत आणि डबा जागचा हललेला नाही.