१६० चौरस फुटांची खोली

आमच्या घरात जुन्या दिवसांचा विषय निघाला की तो नेहमी आजोबांच्या गिरणीपासून सुरू होतो. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, त्यांनी काढलेली जवळजवळ तीस वर्षे, पहाटेचा भोंगा, दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री घरी येताना त्यांच्या केसांत अडकलेला कापसाचा भुगा, हे सारे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की ते मी पाहिलेलेच आहे असे मला वाटते. म्हणून आजीला ८४ वे वर्ष लागल्यावर, तिच्या पायांत जोर आहे तोवर ती सारी ठिकाणे तिच्यासोबत एकदा पाहावीत असे मी ठरवले, तेव्हा माझ्या मनातल्या त्या दिवसाच्या मध्यभागी गिरणीच होती. डिसेंबरातल्या एका रविवारी भांडुपहून आम्ही पाच जण निघालो. पुढे माझ्या शेजारी बाबा, मागे आजी, आई आणि दोघींच्या मध्ये माझी अकरा वर्षांची लेक. एका कुटुंबाची साठ-पासष्ट वर्षे एवढ्या थोड्या अंतरात मावतात, हे नकाशावर बोट फिरवताना मला प्रथमच जाणवले.

पहिला मुक्काम भाऊच्या धक्क्याचा होता. पूर्व मुक्त मार्गावरून उतरून आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मासळीचा लिलाव केव्हाच आटोपला होता, पण ओल्या बर्फाचा आणि डिझेलचा वास तसाच होता. आजी खिडकीची काच खाली करून म्हणाली, "वास ह्योच." १९५९ साली, लग्नानंतर महिन्याभरात, ती विजयदुर्गाहून बोटीने इथे उतरली होती. तेव्हा आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. किनाऱ्यापासून पडावात बसून खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत जायचे आणि मग हलत्या पडावातून बोटीवर चढायचे, अशी त्या प्रवासाची रीत होती. आजीची आई त्या दिवशी किनाऱ्यावर 'रामदास, रामदास' असे म्हणत रडत होती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, याच धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजी तेव्हा सहा वर्षांची होती. कोकणातल्या बायकांच्या मनात ती बोट पुढे कित्येक वर्षे बुडतच राहिली असावी, नाहीतर बारा वर्षांनंतर सासरी निघालेल्या मुलीला निरोप देताना तिचे नाव कोणाच्या तोंडी आले नसते.

लेकीने विचारले, "पणजी, तुला भीती नाही वाटली?" आजी म्हणाली, "भीती बोटीची नाय वाटली गो. हंय उतरल्यावर वाटली. धक्क्यावर शेकडो पुरुष, सगळ्यांचे सदरे पांढरे, आणि माझा घोव खयचो ताच माका समजेना." लग्नात तिने आजोबांकडे मान वर करून पाहिलेच नव्हते. शेवटी आजोबांनीच तिची ट्रंक ओळखली, कारण ती त्यांनीच लालबागेतून विकत घेऊन गावी पाठवली होती.

गिरणीपाशी मात्र फार वेळ गेला नाही. करी रोडच्या त्या बाजूला आता काचेचे मनोरे उभे आहेत आणि आतल्या आवारात जायला आम्हांला परवानगी मिळाली नाही. बाबांनी आजोबांचा पितळी बिल्ला खिशात घालून आणला होता; तो त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवला, तिने अंगठ्याने आकडा चाचपून पाहिला आणि परत दिला. मला वाटले होते की इथे आजी रडेल, निदान काहीतरी सांगेल. ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. "हंय मी कदी इलंयच नाय," ती म्हणाली, "गेटापर्यंत डबो घेऊन येय, तेवढाच." ज्या जागेभोवती मी आखा दिवस रचला होता, ती जागा तिची कधीच नव्हती हे माझ्या तेव्हा लक्षात आले, आणि इतकी वर्षे मी तिला एकदाही याबद्दल विचारले नव्हते याचे मला फार वाईट वाटले.

तिची जागा पुढे होती. करी रोडच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत अडकलेले असताना बाबा बोलू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि आजोबांना पुन्हा कामावर बोलावणे आले नाही. हे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की त्या काळात आमचे घर आजीच्या खाणावळीवर चालले.

गिरणगावात खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. गावाकडून एकटे आलेले पुरुष गावकीच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, वीस-वीस, तीस-तीस जण पाळीपाळीने झोपत असत, आणि जेवायला एखाद्या कामगाराच्या खोलीत ठरावीक बाईकडे जात असत. पैसे पगाराच्या दिवशी मिळत. तोवर तांदूळ, तेल आणि रॉकेल त्या बाईने उधारीवर आणायचे. अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. आजीने तिच्या आयुष्यातला बँकेतला पहिला अंगठा त्या कर्जासाठी उठवला. संप लागल्यावर तिच्याकडे जेवणाऱ्यांपैकी काही गावी परतले. जे राहिले त्यांच्याकडे पैसे नव्हते, तरी आजीने त्यांचे ताट बंद केले नाही. मात्र ज्यांचा पगार चालू होता अशा लोकांकडे, म्हणजे टपाल खात्यातल्या आणि इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांकडे, तिने डबे सुरू केले. ते चौदा डबे रोज सायकलला अडकवून बाबा पोहोचवत असत. "मित्रांनी पाहू नये म्हणून मी आडवाटेने जायचो," बाबा समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले. आई त्यांच्याकडे पाहतच राहिली; चाळीस वर्षांच्या संसारात हे तिनेही ऐकले नव्हते.

ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई सरकारने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, शौचालये मजल्याच्या टोकाला. तिथे आता पुनर्विकासाचे काम चालू आहे आणि आमची इमारत पाडून झाली आहे. पत्र्याच्या कुंपणासमोर गाडी उभी केली, तेव्हा आजी आधार न घेता खाली उतरली. पत्र्यांच्या फटीतून तिने एकदा आत पाहिले. मग लेकीला म्हणाली, "तुझ्याकडे खडू असा?"

खडू नव्हता. बाजूला पडलेल्या विटेचा एक लाल तुकडा लेकीने उचलला. रविवार असल्यामुळे कुंपणालगतची गल्ली रिकामी होती. आजी काठी टेकवत चालू लागली, पावले मोजू लागली, आणि ती दाखवील तिथे लेक रेघ ओढत गेली. ही बाहेरची भिंत, हा दरवाजा, ही मोरी. मोरीच्या कडेला पाण्याचे पिंप, त्यावर झाकण, झाकणावर तवा. इथे स्टो. स्टोच्या बाजूला कपाट, ज्याच्या दाराच्या आतल्या अंगाला ती कोळशाने रेघा मारून प्रत्येकाची ताटे मोजत असे, कारण तिला लिहिता येत नव्हते. संपातल्या रेघा तिने पुसल्या नाहीत आणि वसूलही केल्या नाहीत. कपाट भांडुपला आणताना आजोबांनी त्यावर रंग दिला.

"आणि जेवायला कुठे बसायचे?" लेकीने विचारले.

"हंय. भिंतीक पाठ लावून चार, आणि त्यांच्यासमोर चार. तेंचा होईपर्यंत पोरां भायर गॅलरीत."

मी चौकटीच्या आत उभी होते, आई मोरीजवळ, लेक कपाटापाशी उकिडवी बसलेली. बाबा दाराच्या रेघेपलीकडे उभे होते, हात मागे बांधून, जिथे गॅलरी असायची तिथे. आजीने स्टोच्या जागेवरून वळून त्यांच्याकडे पाहिले.

"ये रे आता भुतूर," ती म्हणाली, "जेवणारे गेले."