आप्पांच्या विहिरीतली गार

सिन्नरकडे आप्पांची विहीर खोल करायचं काम चाललंय. रविवारी गेले तर त्यांनी खताच्या गोणीतून तीन चमचमते तुकडे काढून पुढ्यात ठेवले. "घे, तुझ्या कपाटाला हिरे. सगळी गारच निघतेय."

काळ्या पाषाणात पांढरं काही लागलं की आमच्याकडे ती गार. हे तिन्ही तर अगदी भावंडंच दिसत होते. पण रंगावर जायचं नसतं. खनिज ठरतं ते त्याच्या रासायनिक घडणीवर आणि आतल्या अणूंच्या शिस्तशीर मांडणीवर. ते किती कठीण, कसं फुटतं, हे सगळं तिथूनच येतं.

पहिल्यावर सुरी ओढली, करडी रेघ उठली. "चरा पडला की!" आप्पा म्हणाले. ओल्या बोटाने घासली तर रेघ गायब. ती सुरीच्या पोलादाची होती. दगड जसाच्या तसा. खनिजतज्ज्ञ मोस यांच्या 1812 सालच्या काठिण्यमापावर क्वार्ट्झ, म्हणजे गार, 7, सुरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे ही खरी गार.

दुसऱ्यावर सहज चरा पडला. खरवडलेल्या भुकटीवर लिंबू पिळलं, बारीक बुडबुडे आले. आम्लाने फसफसणारं खनिज, कॅल्साइट! हातोडीने टिचवला तर काजूकतलीसारखे तिरके, गुळगुळीत तुकडे झाले. त्यातला एक स्वच्छ तुकडा दिनदर्शिकेवर धरला, प्रत्येक तारीख दोनदा दिसू लागली. कॅल्साइटमधून जाताना प्रकाशकिरण दुभंगतो ना! आप्पा खूश. "या महिन्यात चार एकादश्या!"

तिसऱ्याच्या बाबतीत मी गाढवपणा केला. सुरी चालवली ती नेमकी त्याच्या सर्वांत देखण्या बाजूवर. (चरा नेहमी मागच्या, तुटक्या बाजूवर पाडून बघावा. हे मी दुसऱ्यांना सांगते!) जोर लावल्यावर चरा पडला, लिंबाने काही झालं नाही. फुटलेला एकाच दिशेने सपाट, आणि त्या सपाटीवर मोत्यासारखी झाक. बाकीच्या बाजू काचेसारख्या, त्यांवर उभ्या बारीक रेघा. अपोफिलाइट नावाचं खनिज. इथला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि हे स्फटिक वाढले.

दोन तुकडे मी घरी आणले, त्यातला एक चऱ्यासकट. कॅल्साइट आप्पांनी ठेवून घेतला. दिनदर्शिकेखालच्या कोनाड्यात, चष्म्याशेजारी.