तुम्ही विचारलंत म्हणून : जीटीएक्स सोडून ही लांबडी का?

गेली सोळा वर्षं मी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत आलोय : सामान.

विचारणारे दोन जातीचे. एक म्हणजे गाड्यांचं वेड असलेली इंदूरची पोरं. पेट्रोल पंपावर माझी फियाट ॲडव्हेंचर, म्हणजे लांब पाठीची स्टेशन वॅगन, दिसली की गोल फिरून बघतात, आत डोकावतात आणि मग हळहळत म्हणतात, "काका, पालिओ जीटीएक्स मिळत होती ना तेव्हा? मग हे काय उचललंत?" दुसरी जात पुण्याच्या नातेवाइकांची. त्यांना जीटीएक्स, म्हणजे फियाटचीच ती आखूड, चपळ गाडी, माहीत नाही, त्यांचा सवाल साधा असतो, "ही अजून चालते?" दोघांनाही मी "सामान" म्हणतो. पोरं गप्प होतात, नातेवाईक लगेच एखादं गाठोडं आणून ठेवतात.

पोरांचं दुःख मला कळत नाही असं नाही. दोन्ही गाड्यांत इंजिन एकच. सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभराच्या आसपास अश्वशक्ती. 2001 साली पालिओ आली, सचिनच्या सहीची एस10 आवृत्तीसुद्धा निघाली, तेव्हा एवढ्या पैशांत एवढी ताकद इथे दुसरीकडे सहज मिळत नव्हती. तीच ताकद आधी सिएना वीकेंड म्हणून आलेल्या लांब गाडीत घातली, दाराखाली काळं प्लास्टिक लावलं आणि नाव दिलं ॲडव्हेंचर. सख्ख्या बहिणी. एक आखूड, दुसरीला मागे ओसरी.

2009 सालची माझी एक वही आहे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे पालिओ, उजवीकडे ॲडव्हेंचर. उजवीकडे दहा-बारा ओळी : सीट पाडली की सायकल मावते, तंबोरा आडवा जातो, पुण्याच्या फेऱ्या, गणपती. डावीकडे एकच शब्द, "मजा", आणि त्याखाली दोन रेघा.

ही वही वाचली की त्या चौतीस वर्षांच्या गृहस्थाला विचारावंसं वाटतं, अरे, सायकल कोणाची? आपल्या घरात सायकलच नव्हती. तंबोरा बायकोचा, तो वर्षातून दोनदा बाहेर पडतो आणि पालिओतही तिरपा बसला असता. तू हिशेब मांडत नव्हतास, आधीच झालेल्या निकालाला कारणं जमवत होतास. निकाल लागला होता मोरटक्क्याला, ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या नर्मदेच्या पुलापाशी.

ते आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही, तर आता सांगतो.

उज्जैनच्या एका गृहस्थांची लाल जीटीएक्स विकायची होती. मित्राच्या ओळखीने त्यांनी ती शनिवार-रविवार चालवून बघायला दिली. आई म्हणाली, नवीन गाडी येतेच आहे तर ओंकारेश्वरला जाऊन येऊ. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि आमच्याकडे तिला कधी कोणी पद्मिनी म्हटलं नाही, ती "फियाट"च. त्यामुळे मी फियाट घेतोय म्हटल्यावर आईला वाटलं, चला, घरातलीच गाडी. तसं ते खोटं नव्हतं. दोन्ही कुर्ल्याच्याच कारखान्यातल्या. फक्त बाबांनी त्यांच्या फियाटला जन्मात साठच्या वर काटा दाखवला नव्हता.

आई मागे बसली, कारण बाबांच्या गाडीतही ती मागेच बसायची. पुढे शेजारच्या सीटवर तिची पिशवी होती, पुरणपोळ्यांचा डबा असलेली. सिमरोलपर्यंत मी शहाण्यासारखा गेलो. मग भेरूघाट लागला.

त्या गाडीचं वर्णन करायला गेलं की मी वाहवतो, तरी सांगतो. डोक्यात वळण आलं की गाडी वळलेली असायची. मागच्या चाकांच्या मागे काही उरलेलंच नसतं, त्यामुळे शेपूट ओढत यायची भानगड नाही. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. इंजिन चार हजारांच्या वर गेलं की आवाज बदलतो, आणि तो आवाज ऐकण्यासाठी माणूस नको तिथे गिअर पाडतो. मीही पाडला. पुढे कापसाने भरलेला ट्रक होता, समोरचं वळण अर्धंच दिसत होतं, मी बाहेर काढली. समोरून खंडव्याची बस. मागे फिरायला जागा नव्हती म्हणून पाय अजून दाबला आणि ट्रकच्या तोंडापुढून आत घेतली. बसवाला हॉर्न दाबून ठेवूनच गेला. डबा खाली पडला, उघडला.

काही झालं नाही. हे वाक्य मी त्या दिवशी मनातल्या मनात वीसेक वेळा म्हटलं असेन. आईसुद्धा काही बोलली नाही. दर्शन झालं, नर्मदेत पाय बुडवून झाले, गाडीच्या मॅटवर पडलेल्या पोळ्या तिने कागदात गोळा करून घाटावरच्या गाईला घातल्या. परतताना मोरटक्क्याला पूल यायच्या आत म्हणाली, "इथे स्टेशनवर सोड मला. मी छोट्या लाइनीने येते."

मला आधी समजलंच नाही. तेव्हा ओंकारेश्वर रोड स्टेशनवरून मीटरगेज थेट इंदूरला यायची, पण घरची गाडी दाराशी उभी असताना? मी म्हटलं, "अगं आई, हळू चालवतो. शप्पथ."

"हळू चालवशील रे," ती म्हणाली. "पण तो ट्रक गेला ना, तेव्हा मला आरशात तुझे डोळे दिसत होते. तू हसत होतास."

यावर काय बोलणार? तिकीट काढून दिलं. तिने पाण्याची बाटली घेतली, पिशवी घेतली, बायकांच्या डब्यात खिडकीशी बसली. मी एकटा निघालो आणि, खरं सांगायचं तर, येताना भेरूघाटात पुन्हा तसाच चढलो. रडत होतो असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मी चिडलो होतो. तिच्यावर, बसवाल्यावर, त्या ट्रकवर. चिडून चालवताना गाडी आणखीच छान चालत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

इंदूर स्टेशनबाहेर मी तिच्या कितीतरी आधी येऊन थांबलो. अंधार पडल्यावर गाडी आली. आई बाहेर आली, मला बघितलं, हात केला आणि रिक्षात बसली. मी मागोमाग. शंभर अश्वशक्ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एका रिक्षाच्या धुरात, स्टेशनपासून रामबागेपर्यंत. दारात उतरल्यावर तिने पळसाच्या पानातला कलाकंद माझ्या हातात दिला, कालाकुंड स्टेशनवर घेतलेला. म्हणाली, "पाताळपाणीचा घाट चढायला मागून दुसरं इंजिन लावतात. हळूहळू आलो वर." बस, एवढंच. त्यानंतर आजपर्यंत तिने त्या दिवसाचा विषय काढलेला नाही.

तीन आठवड्यांनी ॲडव्हेंचर आली, वापरलेली, 2004 ची. आईला सांगितलं, ही सामानाची गाडी आहे. तिने दारावर थाप मारून बघितलं, म्हणाली, "ही बरी. जड दिसते." आणि पहिल्यांदाच पुढे बसली. इंजिन तेच आहे हे मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आईच्या धाकाने घेतली. तसंही नाही! लांब गाडीचीही एक चाल असते, ती त्या पोरांना चालवल्याशिवाय कळायची नाही. रिकामी असली तर जोरात ब्रेक मारल्यावर मागचा भाग हलका पडतो, उड्या मारतो. पण मागे दोन माणसं, पाण्याचे कॅन, गव्हाचं पोतं टाकलं की ती रस्त्याला चिकटते. वळणात नाक आधी जातं, शेपूट जरा उशिरा येतं, त्या उशिराचा अंदाज बांधायला मला दोन वर्षं लागली. बिजासन घाट उतरून शिरपूर-धुळ्याकडे जाताना, पूर्ण भरलेली, तिसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवलेली ही गाडी जे समाधान देते ते जीटीएक्समध्ये नव्हतं. नव्हतं म्हणजे वेगळं होतं. बरं, हिचं कमी आहे. लिहून टाकतो, कमी आहे.

एकटा असलो की मी हिलाही दामटतो. शहरात लिटरला नऊ देते, तो दोष माझ्या पायाचा. मग आईच्या त्या वाक्यातून मी काय शिकलो? आरसा फिरवायला शिकलो असं बायको म्हणते.

आपल्याकडे स्टेशन वॅगन कधी रुजलीच नाही, याचाही मला राग आहे. टाटा इस्टेट 1992 ची, मग बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, ऑक्टाव्हिया कॉम्बी, 2004 ची इंडिगो मरिना. सगळ्या आल्या आणि गेल्या. लोकांना डिक्की वेगळी उठून दिसायला हवी होती, सपाट पाठ दिसली की "ॲम्ब्युलन्स" म्हणायचे. आमच्या गल्लीत अजूनही म्हणतात. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी याच ॲम्ब्युलन्सची किल्ली मागायला येतात. चार मूर्ती उभ्या आणि मखराचं थर्माकोल आडवं, हे काम उंच बोनेटच्या नव्या गाड्यांना जमत नाही.

मोह नंतरही झाले. 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, 1.2 लिटरमध्ये 105 अश्वशक्ती. 2015 मध्ये अबार्थ पुंटो, 145 ची. दोन्ही चालवून बघितल्या, दोन्ही वेळा वही काढली, रेघ मारली, डावीकडे "मजा" लिहिलं आणि वही मिटली. पंधरा वर्षं भरली तेव्हा 2019 ला ॲडव्हेंचरची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, 2024 ला पुन्हा. परवा पंपावरचा एक पोरगा म्हणाला, पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक झालाय, 2021 पासून आहे, तिथे जीटीएक्स काय मस्त पळाली असती! पळाली असती रे भिया, पण तिथे तुला-मला कोण सोडतंय? आपल्या वाट्याला पलासियाचा सिग्नल.

देवासला एक जीटीएक्स विकायला आहे. लाल नाही, चंदेरी. मालकाशी दोनदा बोललोय. मुली आता बाहेरगावी आहेत, तंबोरा कोपऱ्यात उभा असतो, डावी बाजू जड होत चाललीय. रविवारी बघायला जातोय. ॲडव्हेंचर घेऊनच.

सकाळी पोहे खाताना आईला सांगितलं, देवासला जरा काम आहे. ती एक्याऐंशीची आहे, कान मात्र शाबूत. म्हणाली, "जातोच आहेस तर टेकडीवरच्या देवीचा प्रसाद आण. आणि मलाही ने, बरेच दिवसांत गेले नाही."