बायोडेटातली एक ओळ

हस्तलिखित हातात आलं की मी आधी भाषेकडे वळत नाही. पात्रांची वयं आणि तारखा यांचा तक्ता करते. कथा परदेशात घडत असेल तर घड्याळंही तपासते. न्यू जर्सीतल्या बाईंनी जानेवारीत रात्री नऊला पुण्यातल्या नणंदेला फोन लावला, तर पुण्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. जुलैत तोच फोन साडेसहाला येतो. साडेसातचा फोन माणूस चहा पीत उचलतो, साडेसहाचा दचकून. विनोदी प्रसंगात एवढ्यानेही फरक पडतो.

हे हस्तलिखित हलक्याफुलक्या प्रेमकथेचं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं मराठी कुटुंब, तेवीस वर्षांची मुलगी आणि स्थळं आणून तिला भंडावून सोडणारी आई. बायोडेटात 'अपेक्षा' या मथळ्याखाली आईने पहिलीच ओळ लिहिली होती : 'मुलगा सिटिझनच हवा.' पुढे या ओळीवरून पानोपानी हशा. आमच्याकडे ज्यांनी ज्यांनी वाचलं, त्यांना आई तोरेबाज वाटली. एका सहकाऱ्याने 'आणखी खाष्ट करा' असा शेराही मारला. आयांची पात्रं आपल्याकडे फार आळसाने वाचली जातात, हे माझं जुनं दुखणं आहे.

तक्ता भरताना मी अडकले ती मुलीपाशी. वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. ग्रीन कार्डाची रांग अजून संपलेली नाही, म्हणून ते नोकरी सोडत नाहीत, हे लेखिकेनेच लिहिलं होतं. मग मुलगी तिथे राहते कशाच्या आधारावर? एच-वन-बीवाल्यांच्या मुलांना मिळणारा एच-फोर व्हिसा 21व्या वर्षी संपतो. पुढे विद्यार्थी व्हिसा. पदवी इतिहासाची, म्हणजे त्यानंतर कामाची मुभा 12 महिने; विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारे वाढीव 24 महिने हिला नाहीत. त्यानंतर एच-वन-बीची लॉटरी, ठरलेल्या 85,000 जागांसाठी. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तर मात्र ग्रीन कार्डाची ती देशवार रांग लागत नाही. आईची ती ओळ तोऱ्याची नव्हतीच.

लेखिकेची मुलं तिथेच जन्मलेली, त्यामुळे हा प्रश्न तिच्या घरात कधी आला नव्हता. व्हिडिओ कॉलवर मी तक्ता दाखवला. तिने तो दोनदा वाचला. म्हणाली, "ताई, म्हणजे माझी ही बाई घाबरलेली आहे!"

मग आमचं जुंपलं. तिला ही भीती शेवटच्या प्रकरणात उघड करायची होती. मी म्हटलं, चौथ्यात. नाहीतर डोशाच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर मेन्यूकार्डाआड लपलेली आई मध्येच "पासपोर्ट कुठला हो तुमचा?" विचारते, तेव्हा वाचक तिला नुसता हसेल, आणि शेवटी आपल्याला फसवलं म्हणून चिडेल. विक्री विभागाचं म्हणणं, व्हिसाच काढून टाका, गंमत जाते. ते मी ऐकणार नव्हतेच.

तिने काल नवं चौथं प्रकरण पाठवलं. त्यात मुलीला सगळं ठाऊक आहे, पण ज्याच्यावर जीव जडलाय त्याला ती सांगत नाही. कागदांसाठी लग्न करतेय असं त्याला वाटेल म्हणून. हे माझ्या सूचनेपेक्षा कितीतरी सरस आहे. पण तो मुलगा सिटिझन आहे. मी म्हणतेय, त्यालाही एच-वन-बीवर आणा, म्हणजे तिचं प्रेम वाचकाला निखळ दिसेल. ती म्हणते, मग आईने काय करायचं? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.