स्टेंट टाकायचा की नाही, आमच्या घरातला महिनाभराचा घोळ

बाबांची अँजिओ झाली त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावून स्क्रीन दाखवली. काळी नस हृदयाबरोबर उड्या मारतीये आणि एका जागी एकदम दोऱ्याएवढी बारीक होऊन पुढे परत जाड. 80 टक्के ब्लॉक म्हणाले. माझ्या तोंडून लगेच निघालं, मग स्टेंट टाकून टाका ना आत्ताच! तर ते शांतपणे म्हणे घाई नाहीये, आधी गोळ्यांवर बघू. खरं सांगतो, मला रागच आला. बाहेर आल्यावर सगळे नातेवाईकही तेच, 80 टक्के आणि घरी पाठवतात?

बाबांना अटॅक आलेला नव्हता, जिने चढले की छातीत आवळून यायचं आणि दोन मिनिटं थांबलं की जायचं, एवढंच. हे "एवढंच" किती महत्त्वाचं आहे ते मला नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं. मोठा अटॅक चालू असेल तर नस सहसा पूर्ण बंद असते, स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, तिथे नस आतून रुंद करणारा फुगा आणि स्टेंटने जीव वाचतो, त्यात वादच नाही. पण नुसतं चालताना दुखणाऱ्या पेशंटचं गणित वेगळं. 2007 सालच्या करेज नावाच्या अभ्यासात 2287 लोक होते, 2020 च्या इस्केमियामध्ये 5179, आणि दोन्हीकडे नीट गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा स्टेंट-बायपासवाले काही जास्त जगले नाहीत (डाव्या मुख्य नसेत मोठा ब्लॉक असलेले लोक यात नव्हते, त्यांची गोष्ट निराळी). दुखणं मात्र स्टेंटने कमी होतं, तेही खरंय.

स्टेंटने आयुष्य का वाढत नाही, तर चरबी काय त्या एकाच जागी नसते हो, सगळ्या नसांमध्ये थोडी थोडी असते आणि बऱ्याचदा फुटते ती दुसरीच, 40-50 टक्केवाली, जिच्याकडे कोणी बघतही नाही. ती फुटली की वर गुठळी होते आणि अटॅक. स्टेंट म्हणजे पेनातल्या स्प्रिंगसारखी बारीक जाळी, ती टाकली तेवढी जागा उघडी ठेवते, बाकी नसेला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), बीपीच्या गोळ्या आणि सिगरेट बंद हेच.

बाबांची दुसरी नस 60 टक्के होती, तिच्यात बारीक वायर घालून ब्लॉकच्या पुढचं प्रेशर अलीकडच्या प्रेशरच्या किती पट आहे ते मोजलं, 0.86 आलं. 0.80 च्या वर असेल तर सहसा हात लावत नाहीत म्हणे. म्हणजे नुसत्या टक्क्यांवर घाबरायचं नसतं, आणि आम्ही मात्र तेच आकडे फोनवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

काकांचं उलटं झालेलं. शुगर आणि तिन्ही नसा खराब, त्यांना छाती उघडायची नव्हती, स्टेंटच हवे होते. डॉक्टर बायपासवर अडून बसले. 2012 च्या फ्रीडम अभ्यासात अशाच शुगरवाल्यांमध्ये पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात बायपासवाल्यांत 18.7 टक्के आणि स्टेंटवाल्यांत 26.6 टक्के होते, जरी नुसता पक्षाघात बायपासमध्ये जास्त होता. शेवटी काका तयार झाले, आता छातीवरचा व्रण कौतुकाने दाखवतात.

आणि ज्यांना स्टेंट बसलाय त्यांनी प्लीज रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, दात काढायचाय म्हणून सुद्धा नाही, आधी हार्टवाल्या डॉक्टरला फोन. नवीन स्टेंटमध्ये गुठळी झाली तर थेट मोठा अटॅक.

तर बाबा. तीन महिने झाले गोळ्यांवर. पूर्वी पहिल्या मजल्यावर थांबायचे, आता तिसऱ्यापर्यंत जातात. दुखणं वाढलं किंवा बसल्याजागी आलं तर स्टेंट टाकायचा असं ठरलंय, जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात असते. परवा धुवायला टाकलेल्या शर्टातच राहिली, त्यावरून आईने जे काही सुनावलंय!